मोज्याची टाच

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही लोकरीचे मोजे विणायला शिकलो. आमच्या मंडळींनी शिकवले. ओट्यावर विणीत बसलो की लोक हसत. "गुरुजी, हे बायकांचं काम!" आम्ही म्हणत असू, "थंडी काय बायकांनाच वाजते?" उत्तर इंग्लंडात डेंट नावाचे गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेथे बायका, मुले आणि पुरुषही मोजे विणीत. त्यावर त्यांच्या संसाराला हातभार लागे.

मोजा विणतात कसा, ते पाहू.

आधी हिशेब. लोकरीचा लहान तुकडा विणावा. एका इंचात किती टाके बसतात ते मोजावे. समजा, ७ बसले आणि घोट्याचा घेर ८ इंच आहे. मग ७ गुणिले ८, म्हणजे ५६ टाके.

दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुया घ्याव्यात. चार सुयांवर १४-१४ टाके घ्यावेत. पाचवीने गोल विणीत जावे. वरचा काठ दोन सुलट, दोन उलट असा विणावा. तो ताणला जातो, म्हणून मोजा घसरत नाही.

इथवर सोपं. ती नळीच. पण पाय काही नळीसारखा सरळ नाही. त्याला टाच आहे.

टाचेसाठी निम्मे, म्हणजे २८ टाके घ्यावेत. बाकीचे सुयांवर थांबू द्यावेत. २८ टाक्यांवर मागे-पुढे विणून सुमारे दोन इंचांची पट्टी करावी. मग फक्त मधले टाके विणावेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी बाजूचा एक टाका त्यांत जोडून घ्यावा. हळूहळू वाटीसारखा खोलगा तयार होतो. टाच त्यात बसते. मग पट्टीच्या दोन्ही कडांतून टाके उचलावेत. थांबलेले टाके सोबत घेऊन पुन्हा गोल विणावे. जास्तीचे टाके कमी करीत ५६ वर यावे. शेवटी बोटांपाशी आणखी कमी करून तोंड बंद करावे.

आमची पहिली टाच तीन वेळा चुकली. तीन वेळा उसवली. शाळेत मुलाची बेरीज चुकली की आम्ही रागावत असू. आता साठीत आम्हीच चुकत होतो. मंडळी मात्र एकदाही रागावल्या नाहीत. "उसवा, पुन्हा विणा," एवढंच म्हणाल्या. लोकर वाया गेली नाही. तोच धागा पुन्हा सुईवर चढला. पाटीवर अक्षर चुकलं तर आपण पुसून पुन्हा गिरवतो, तसंच हे.

चौथ्यांदा टाच जमली. आम्ही मोजा सगळ्यांना दाखवीत फिरलो. मंडळी हसून म्हणाल्या, "पाय दोन आहेत!"

आम्ही पुन्हा ५६ टाके घातले.