उतारवयात रानभाजी: औषध नव्हे, रोजचं जेवण
चवदार तळ्याच्या महाडपासून पोलादपूरच्या डोंगरांपर्यंत पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी उगवते. साठीनंतर भूक मंदावते, पण कॅल्शियम आणि तंतूंची गरज कमी होत नाही. म्हणून या भाज्या ज्येष्ठांच्या ताटात हव्यातच. ‘चावत नाही, पचत नाही’ ही तक्रार जून पानांपुरती खरी. टाकळ्याची कोवळी पानं निवडून, बारीक चिरून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर मऊ शिजवली की दातांची अडचण उरत नाही. शेवळं घशाला खाजतात, त्यांना काकडं किंवा चिंच लागतेच. मुतखडा असेल तर अळू बेतानं खावं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजी एकदम वाढवू नये. तिच्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा परिणाम कमी करतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावं.