गुंठ्याचा भाव सोडा, उलटा हिशोब मांडा!

पॅकेज थोडं वाढलं, फ्लॅटचे पहिले काही हप्ते सुरळीत गेले, की मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या डोक्यात एक नवा किडा वळवळायला लागतो. 'शहराबाहेर छोटीशी जागा घ्यायची आणि आपलं स्वतःचं घर बांधायचं!' मग शनिवार-रविवारी कर्जत, पाली, मुळशी, पानशेत, भोर अशा चकरा सुरू होतात. रस्त्याच्या कडेला बोर्ड असतातच. डोंगराचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात गुंठ्याचा भाव आणि एजंटचा मोबाइल नंबर. आपण गाडीतच कॅल्क्युलेटर काढतो. भाव गुणिले पाच गुंठे. बजेटमध्ये बसतंय की! डन!

एक मिनिट, बॉस. त्या बोर्डावर लिहिलेला भाव हा फक्त मातीचा आहे. त्या मातीवर पहिली वीट ठेवायची लायकी येईपर्यंत रस्ता, पाणी, वीज, कुंपण, भराव आणि कागदपत्रं यांचं एक अख्खं वेगळं बिल येतं. आणि ते येतं तेव्हा सेव्हिंग्ज जमिनीत अडकलेली असतात. मग प्लॉट तसाच पडून राहतो, त्यावर गवत वाढतं आणि दर महिन्याला ईएमआय मात्र न चुकता कापला जातो.

हे टाळायचा फंडा सोपा आहे. हिशोब उलटा करायचा. आधी जमीन तयार करायचा खर्च बाजूला काढायचा आणि जे उरेल, त्यात जमीन शोधायची.

समजा, खिशात तीस लाख आहेत...

तुम्ही दोघं नोकरी करता आणि 'जमीन घेऊन बांधकामाला तयार करणं' एवढ्या कामासाठी तुम्ही ३० लाख बाजूला ठेवलेत. घराचं बांधकाम वेगळं. जागा हवी पाच गुंठे. सरळ गणितात गुंठ्याला सहा लाख परवडतात, असं वाटतं. आता उलटं करून बघू. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या तालुक्यातले दर विचारून ते बदला, पण रकाने बदलू नका.

वकिलाचा सर्च रिपोर्ट, मोजणी, दाखले : ६० हजार
भराव, सपाटीकरण, आतला रस्ता : ३ लाख
कुंपण आणि गेट : १ लाख ७५ हजार
बोअर, पंप, टाकी : २ लाख
विजेचं कनेक्शन : १ लाख २५ हजार
सेप्टिक टँक, शोषखड्डा : १ लाख २५ हजार
आर्किटेक्ट, बांधकाम परवानगीची फी : १ लाख ५० हजार

बेरीज ११ लाख ३५ हजार. त्यावर अडीअडचणीसाठी १५ टक्के, म्हणजे साधारण १ लाख ७० हजार. झाले १३ लाख ५ हजार. उरले १६ लाख ९५ हजार. यातूनच स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फीसुद्धा भरायचीय. दोन्ही मिळून सात टक्के धरले, तर प्रत्यक्ष जमिनीला राहतात सुमारे १५ लाख ८४ हजार. म्हणजे गुंठ्याला जेमतेम सव्वातीन लाख!

सहा लाख आणि सव्वातीन लाख. गवत वाढलेल्या प्लॉटची गोष्ट या फरकातून सुरू होते.

(जाता जाता : महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटी ठिकाणाप्रमाणे साधारण ४ ते ७ टक्के पडते आणि नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. करारातली रक्कम आणि रेडी रेकनरचा भाव यांपैकी जो आकडा मोठा, त्यावर ड्युटी लागते.)

कागद : खर्च छोटा, चूक मोठी

सगळ्या यादीत सगळ्यात कमी पैसे कागदांवर जातात आणि लोक नेमके तिथेच वाचवायला बघतात. आधी सातबारा बघा. जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती विकता येत नाही आणि परवानगीबरोबर नजराणाही येतो. 'इतर हक्क' या रकान्यात कुळ, बँकेचा बोजा असं काही आहे का? मालक किती जण आहेत? मुंबईतल्या आत्याचं नाव राहून गेलं असेल, तर तिची सही लागतेच.

दुसरा मुद्दा तुमचाच. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८च्या कुळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. त्यामुळे 'आधी घेऊन टाका, एनए नंतर करू' हा सल्ला देणाऱ्या एजंटला चहा पाजा आणि घरी या. पाच-दहा जणांनी मिळून घ्यायची आणि सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची, हीही मोठी भानगड. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचे हवे तसे छोटे तुकडे करता येत नाहीत. सामाईक सातबाऱ्यावर 'माझे पाच गुंठे नेमके कुठले?' या प्रश्नाला उत्तर नसतं आणि बँक लोन द्यायला कां कूं करते.

तिसरा कागद म्हणजे नगररचना विभागाचा झोन दाखला. एनएची प्रक्रिया गेल्या काही वर्षांत सुटसुटीत होत आलीय. पण जमीन कुठल्या झोनमध्ये आहे, हा प्रश्न जुनाच आहे आणि तोच निर्णायक. माथेरानभोवती २००३पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. कर्जतकडे जागा बघणाऱ्यांनी हे आधी तपासावं. डोंगरउताराचंही तसंच. उतार १:५ किंवा त्याहून तीव्र असेल, तर बांधकाम आणि कापाकापी यांना नियमच आडवे येतात. ते चांगलंही आहे. ३० जुलै २०१४ला माळीण आणि १९ जुलै २०२३ला इर्शाळवाडी, दोन्ही वेळा डोंगर खाली आला तो पावसाळ्यातच. व्ह्यू छान असला तरी उताराला गृहीत धरू नका.

आणि मोजणी! सरकारी मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून होते. लवकर हवी तर जास्त फी पडते. मोजणीनंतर 'क' प्रत मिळते, म्हणजे तुमच्या हद्दीचा नकाशा. ती हातात येण्याआधी कुंपणाचा एकही खांब रोवू नका. शेजाऱ्याच्या दोन फुटांत गेलेलं कुंपण काढायला लागलं, की खर्च दुप्पट आणि शेजारी कायमचा तुटलेला.

माती बोलते ब्रासमध्ये

आता प्रत्यक्ष जमीन. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणून पाच गुंठे म्हणजे ५४४५. प्लॉट चौकोनी असेल तर प्रत्येक बाजू साधारण ७४ फूट आणि कुंपण २९५ फूट. तेवढेच पाच गुंठे ३० फूट रुंद पट्टीत मिळाले, तर कुंपण होतं ४२३ फूट! क्षेत्रफळ तेच, कुंपणाचा खर्च जवळपास दीडपट. लांबुळका प्लॉट स्वस्त का मिळतो, त्याचं एक कारण हे.

मुरूम ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. अख्खा प्लॉट एक फुटाने उचलायचा, तर साडेचोपन्न ब्रास भराव लागतो. मुरूम रोलरखाली दबतो, म्हणून पाव पट जास्त धरा. झाले ६८ ब्रास. चार ब्रासचा डंपर असेल तर १७ खेपा! रस्त्यापासून प्लॉटपर्यंत २०० फूट लांब, १० फूट रुंद, नऊ इंच जाडीचा कच्चा रस्ता करायचा, तर आणखी १९ ब्रास.

इथे पैसे वाचवायची मस्त संधी आहे. अख्खा प्लॉट उचलायचा अट्टहास सोडा. घर हजार चौरस फुटांवर बसणार असेल, तर तेवढाच भाग आणि जाण्यायेण्याची वाट उचला. एक फुटाला दहा ब्रास, दबण्याचं धरून साडेबारा. बाकी जागेत बाग करा, नैसर्गिक उतार राहू द्या, पावसाचं पाणी आपसूक निघून जाईल.

उतार नजरेला फसवतो. १:१० चा उतार फोटोत दिसतही नाही, पण ७४ फुटांवर तो सात फुटांहून जास्त पडतो! सपाट करायला गेलात की रिटेनिंग वॉल आली आणि ती आली की बजेट गेलं. आर्किटेक्टला विचारून घरच पायऱ्यापायऱ्यांनी बसवणं बरेचदा स्वस्त पडतं.

आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतींना तडे जातात. तिथे पाया काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो. किती खोल, हे कसं कळणार? जेसीबीने दोन-तीन चाचणी खड्डे घ्या. तासा-दोन तासांचं काम आहे. मुरूम आणताना मात्र रॉयल्टीची पावती मागा, नाहीतर नोटीस घेऊन तलाठी दारात उभा!

पाणी, वीज आणि... ते!

'शेजारच्या बोअरला भरपूर पाणी आहे' या वाक्यावर विसंबू नका. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून आणि फटींमधून असतं. शंभर फुटांवरचं बोअर धो धो चालेल आणि तुमचं कोरडं जाईल. म्हणून बोअरच्या रकान्यात एका फसलेल्या बोअरचे पैसेही धरा. कोटेशन घेताना फुटाचा दर, केसिंगचा दर आणि खोल गेल्यावर दर वाढतो का, हे तिन्ही विचारा.

विजेचं गणित खांबांवर चालतं. जवळचा खांब किती लांब आहे, ते स्वतः चालून मोजा. मध्ये दुसऱ्याची जमीन असेल, तर त्याची संमती लागेल. महावितरणच्या स्थानिक ऑफिसात जागेचा नकाशा दाखवून अंदाज घ्या. एजंटचं 'लाइट आहे ना साहेब' म्हणजे फक्त हायवेवरचा दिवा असू शकतो.

गावात ड्रेनेज लाइन नसते, म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा लागतोच. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान ६० फूट लांब हवा. ७४ फुटांच्या चौकोनात याचा अर्थ असा, की बोअर एका कोपऱ्यात आणि शोषखड्डा समोरच्या कोपऱ्यात. शेजाऱ्याचं बोअर कुठे आहे तेही बघा. घराचा नकाशा या दोन टिंबांपासून सुरू होतो, बेडरूमच्या खिडकीपासून नाही!

तयार प्लॉट घ्यावा का?

डेव्हलपरचा प्लॉट महाग वाटतो. पण तुलना नीट करा. आपल्या उदाहरणात रस्ता-भराव, कुंपण आणि वीज मिळून सहा लाख होतात, म्हणजे गुंठ्याला १ लाख २० हजार. एवढ्या फरकापर्यंत तयार प्लॉट महाग नाहीच. अट एकच, या गोष्टी जागेवर झालेल्या असाव्यात, ब्रोशरमध्ये नव्हे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवर आठहून जास्त प्लॉट पाडून विकणाऱ्या प्रोजेक्टला महारेराची नोंदणी लागते. वेबसाइटवर नंबर टाकून तपासा. आणि कुठल्याही कंत्राटदाराचा कोट घेताना 'जीएसटी धरून की सोडून?' हे लेखी घ्या.

टोकन देण्याआधी

- जागा दोनदा बघा. एकदा मे महिन्यात, पाण्यासाठी. एकदा जुलैत, चिखलासाठी.
- पोचरस्ता नकाशात आहे की कुणाच्या मेहेरबानीवर, हे विचारा. तोंडी 'वहिवाट आहे' चालणार नाही.
- पैसे या क्रमाने खर्च करा : सर्च रिपोर्ट, झोन दाखला, मोजणी, चाचणी खड्डे. हे चार खर्च लहान आहेत आणि यातला कुठलाही 'नाही' म्हणाला, तरी तुम्ही माघार घेऊ शकता.
- टोकनच्या पावतीवर 'टायटल आणि मोजणी बरोबर नसल्यास रक्कम परत' असं लिहून घ्या.
- भराव आणि खोदाईची कामं दिवाळीनंतर ते मे या काळात बसवा. पावसात रुतलेल्या डंपरचं भाडं कोण भरणार?
- पंधरा टक्क्यांची राखीव रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. गेटचं डिझाइन आवडलं म्हणून त्याला हात लावायचा नाही!

एजंट पुढच्या शनिवारी फोन करेलच. 'साहेब, दुसरी पार्टी तयार आहे, आजच टोकन द्या.' तेव्हा तुमच्याकडे तुमचा सव्वातीन लाखांचा आकडा तयार असू द्या. त्यात बसलं तर कागद मागवा. नाही बसलं तर त्या दुसऱ्या पार्टीला शुभेच्छा द्या आणि गाडी पुढच्या गावाकडे वळवा.