जगाच्या इतिहासात आपला जिल्हा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा वैद्यकाबाहेरचा एखादा विषय घ्यावा असे सुचविले, तेव्हा मी आनंदाने होकार दिला. दवाखान्यातून सवड मिळेल तेव्हा इतिहास वाचणे हा माझा जुना छंद. या वाचनात एक गोष्ट मात्र मला कायम सलत आली आहे. शाळेत आपण जो जगाचा इतिहास शिकलो, त्यात आदिमानव, नाईलचे खोरे, ग्रीस, रोम, युरोपातील मध्ययुग आणि शेवटी इटलीतील प्रबोधन असा ठरलेला प्रवास होता. त्या नकाशावर गोदावरी आणि पैनगंगा यांच्यामधला आपला मुलूख कोठेच नव्हता. याउलट सभासमारंभांतून दुसरेच ऐकू येते, की सर्व काही प्रथम आमच्याकडेच होते आणि पाश्चात्यांनी ते पळविले. या दोन्ही टोकांच्या मध्ये, पुराव्याने सिद्ध होणारे असे किती उरते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ‘आपला जिल्हा’ म्हणताना मी ऑक्टोबर २०१६ पूर्वीचा अखंड आदिलाबाद धरतो. आज त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले आहेत. नद्यांना आणि लोखंडाला त्याची खबर नाही.

मानवापूर्वीचा काळ घेतला तर यामनपल्लीजवळ सापडलेल्या कोटासॉरस या प्रचंड प्राण्याच्या सांगाड्यापासून सुरुवात करावी लागेल. तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. मुलांना अवश्य दाखवावा. पण तो आपला विषय नव्हे.

आदिमानवाच्या बाबतीत गोदावरीचे खोरे मुळीच दरिद्री नाही. डॉ. हसमुख सांकलिया यांनी प्रवरेकाठच्या नेवाशात अश्मयुगीन हत्यारांचा जो क्रम लावला, तो भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासात पायाभूत ठरला. पुढे भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे संपूर्ण गाव उजेडात आणले. डॉक्टरांनी त्यातील दफनांची वर्णने जरूर वाचावीत. बहुतेक दफने लहान मुलांची आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत अर्भक ठेवायचे आणि ती घराच्याच जमिनीखाली पुरायची, अशी रीत होती. बालमृत्यूचे प्रमाण हा शब्द आपण अहवालात लिहितो. तेथे तो घराघरांत जमिनीखाली सापडला.

या काळाचा एक दस्तऐवज आपल्याच प्रयोगशाळेत रोज येतो, तो म्हणजे आपल्या गोंड, कोलाम रुग्णांच्या रक्तातील सिकलसेलचा जनुक. हा दोष इतक्या पिढ्या टिकला कसा, याचे उत्तर ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील पाहणीतून दिले. ज्याला हा जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच मिळतो, त्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण लाभते. भारतात आढळणारा या जनुकाचा प्रकार ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखला जातो, कारण तोच सौदी अरबस्तानाच्या पूर्व भागातही आढळतो. तो येथे स्वतंत्रपणे उत्पन्न झाला असावा असे पुष्कळ दिवस मानले जात होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने मात्र सर्व प्रकारांचे मूळ एकच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत झालेल्या एका बदलात असल्याचे मत मांडले. हे मत टिकले, तर उटनूरच्या डोंगरात राहणारा रुग्ण आणि नायजेरियातील रुग्ण एका प्राचीन पूर्वजाचे वारस ठरतात.

मध्यल्या शतकांकडे भरभर पाहू. विंध्याच्या दक्षिणेचे एकमेव महाजनपद अश्मक, ते गोदावरीकाठीच. सातवाहनांचा आद्य राजा सिमुक याची नाणी आपल्या पलीकडच्या तीरावर, कोटिलिंगाल येथे मिळाली. जैनथच्या मंदिरातील शिलालेख तर आदिलाबादकरांच्या हाकेच्या अंतरावर आहे. त्यात माळव्याच्या परमार घराण्यातील जगद्देवाचे नाव आहे. भोजराजाचा हा पुतण्या दक्षिणेत येऊन कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी राहिला होता. उत्तर आणि दक्षिण यांची सरहद्द येथे होती असे म्हणण्यापेक्षा येथे त्यांची ये-जा होती असे म्हणणे अधिक बरोबर. मराठी, तेलुगु आणि गोंडी एकाच बाजारात ऐकणाऱ्या आपल्याला हे नवल वाटू नये. आणि १९५६ साली किनवट व राजुरा हे तालुके तिकडे गेले तरी सोयरिकी तुटल्या नाहीत, हेही आपण जाणतोच.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती आहे लोखंडाची.

अकबराच्या दरबारी अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’ लिहिला. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तेलंगणा सरकारचा उल्लेख करताना इंदूर (म्हणजे आजचे निजामाबाद) आणि निर्मल येथे पोलादाच्या खाणी असल्याची नोंद तो करतो. खाण पोलादाची नसते, लोहखनिजाची असते, हे खरे. पण बादशाही दप्तरात निर्मलचे नाव पोलादासाठी चढले होते, हे महत्त्वाचे.

हे पोलाद कसे होई ते थोडे समजून घेतले पाहिजे. भट्टीतून निघणारे साधे घडीव लोखंड मऊ असते, कारण त्यात कार्बन जवळजवळ नसतो. कार्बन फार झाला तर लोखंड ठिसूळ बनते आणि घणाखाली फुटते. या दोहोंच्या मध्ये, शेकडा एक ते दोन या टापूत, कठीणपणा आणि चिवटपणा दोन्ही मिळतात. औषधाच्या मात्रेसारखेच हे आहे. थोडे कमी तर गुण नाही, थोडे जास्त तर विष. आपल्या भागातील कारागीर मातीत भाताचा तूस मिसळून मुशी घडवीत. मुशीत लोखंडाचे तुकडे भरून तोंड मातीने बंद करीत आणि कोळशाच्या भट्टीत भाते चालवून ती दीर्घकाळ तापवीत. कार्बन लोखंडात शिरला की त्याचा वितळण्याचा अंश खाली येतो आणि आतला माल द्रवरूप होतो. मग तो सावकाश, अगदी सावकाश निववायचा. या मंद निवण्यात आणि पुढे बेताच्या उष्णतेवर घडविण्यात पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. तिलाच जग दमास्कसची नक्षी म्हणते. तेलुगु-कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दावरून इंग्रजांनी या पोलादाला ‘वूट्झ’ म्हटले.

हिंदी लोखंड आणि पोलाद समुद्रमार्गे आफ्रिकेच्या बंदरांकडे जात असल्याचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. नवव्या शतकात बगदादचा अल-किंदी तलवारींच्या प्रकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहितो. हा तत्त्वज्ञ होता आणि वैद्यकावरही लिहीत असे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये स्पष्ट सांगतो, की इराणात नक्षीदार पात्यांसाठी लागणारे पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. प्रत्येक दमास्कस तलवारीचे पोलाद निर्मलचेच होते असे मात्र कोणी समजू नये. असे पोलाद म्हैसूर, सेलम, श्रीलंका आणि मध्य आशियातही होत असे. शिवाय व्यापार एकतर्फी नव्हता. मराठ्यांची आवडती ‘फिरंग’ ही तलवार नावाप्रमाणेच फिरंगी, म्हणजे तिचे पाते बहुधा युरोपातून आलेले असे. चांगल्या वस्तूला चांगले म्हणण्याची लाज कोणालाच वाटत नव्हती.

आणि युरोपातील प्रबोधन? १५४० साली सिएना येथील बिरिंगुच्चो याचा धातुविद्येवरील ग्रंथ छापला गेला. त्यात तो दमास्कसच्या पोलादाची ख्याती नोंदवितो आणि ते लोक ते कसे मिळवितात हे आपणास ठाऊक नाही, असेही मोकळेपणाने लिहितो. ‘मला ठाऊक नाही’ हे छापील पुस्तकात लिहिणे, मला वाटते, हेच त्या युगाचे खरे वैशिष्ट्य. तीनच वर्षांनी, १५४३ साली, व्हेसालियसचा शरीररचनेवरील ग्रंथ बाझेल येथे निघाला. गेलनचे वचन आणि हाताखालचे प्रेत यांत फरक पडला, तर प्रेतावर विश्वास ठेवावा, ही शिकवण आपण सर्वांनी विच्छेदनगृहात घेतली आहे.

याच प्रबोधनाचा एक वैद्य आपल्या मराठी मुलखात वावरत होता, हे पुष्कळांना माहीत नसते. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. सालामांका आणि अल्काला येथे शिकलेला हा पोर्तुगीज १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करी आणि तेथील हकिमांशी वाद-संवाद करी. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातील औषधींची माहिती आहे. ग्रीकांच्या ग्रंथात काय आहे यापेक्षा आपण येथे डोळ्यांनी काय पाहिले, याला तो मान देतो. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या रोगाचे स्थानिक नाव म्हणून त्याने जो शब्द दिला तो ‘मोर्शी’, म्हणजे आपली मोडशी. पुढे फ्रेंचांनी त्याचा उच्चार असा काही केला की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ झाला! १५६७ साली त्याच्या ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्पला निघाला आणि आपल्या आजीच्या बटव्यातला शब्द युरोपच्या वैद्यांपर्यंत गेला. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातील. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने जाळले आणि १५८० साली त्याच्या अस्थीही उकरून जाळल्या. प्रबोधनाच्या युगाची ही दुसरी बाजूही त्याच गोव्यातली आहे.

लोखंडाच्या गोष्टीतही डॉक्टरांचाच वावर आहे. १७९४ साली मुंबईचे सर्जन हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे वूट्झचे नमुने पाठविले. हेच स्कॉट पत्रांतून येथील मोतीबिंदूच्या आणि नाक जोडण्याच्या शस्त्रक्रियांचीही माहिती कळवीत होते. मुंबईत १४ जून १८०२ रोजी आना डस्टहॉल या बालिकेला देवीची लस टोचली गेली, तीही त्यांच्याच हातून. नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण १७९५ मध्ये जॉर्ज पीअरसन या वैद्याने केले. शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादावर इतका खूश झाला की त्याने आपल्या धंद्याच्या जाहिरातीत त्याचे नाव घातले. पुढे १८१९ च्या सुमारास त्याने लोहाराच्या एका मुलाला हाताशी धरून पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. तो मुलगा म्हणजे मायकेल फॅरेडे.

आणि आपल्या भागात प्रत्यक्ष आला तो हेन्री व्हॉयसी. हाही सर्जन. महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून फिरताना तो निर्मलच्या दक्षिणेस, आज निजामाबाद जिल्ह्यात असलेल्या कोनासमुद्रम येथे थांबला. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड कसे मिसळतात, मूस कशी भरतात, भट्टी किती वेळ चालते, हे त्याने रुग्णाची टिपणे घ्यावीत तसे लिहून ठेवले. तेथे त्याला इस्फहानचा एक व्यापारी भेटला. पोलाद खरेदीसाठी तो इतक्या दूर येऊन राहिला होता आणि माल स्वतःच्या देखरेखीखाली काढून घेत होता. व्हॉयसी १८२४ साली वारला. त्याचा लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे मला राहून राहून एक प्रश्न पडतो. व्हॉयसीचे नाव राहिले, त्या इराण्याचीही नोंद राहिली. ज्या कम्मरि कारागिराने मुशीचा रंग पाहून ‘आता बस’ असे सांगितले असेल, त्याचे नाव कोठेच नाही. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे, डोळ्यातून हातात जात होती. ती लिहिली गेली नाही, कारण लिहिणारे भट्टीजवळ जात नव्हते आणि भट्टीजवळचे लिहीत नव्हते. बिरिंगुच्चोच्या इटलीत ही दोन माणसे एकत्र येऊ लागली होती. आपल्याकडे त्या दोघांमध्ये जातीची भिंत उभी होती. विद्या कोणी पळविली, या वादापेक्षा हा प्रश्न मला अधिक टोचतो. पुढे विलायती पोलाद स्वस्तात येऊ लागले, जंगले राखीव होऊन कोळसा महागला आणि भट्ट्या विझल्या. एकदा एक पिढी खंडित झाली की अशी विद्या परत येत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील व्हरहोव्हन यांनी ती नक्षी पुन्हा साधली आणि खनिजातील व्हॅनेडियमच्या सूक्ष्म अंशाचे महत्त्व दाखविले. २००६ साली ड्रेस्डेनच्या पाउफ्लर यांनी जुन्या पात्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पाहिल्या. कारागिराला व्हॅनेडियम माहीत नव्हते. कोणत्या गावचे खनिज चालते, एवढे त्याला माहीत होते.

भट्ट्या गेल्या, त्यांचा मळ मात्र राहिला. २०१० मध्ये बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांच्या अभ्यासकांनी उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून अशा अनेक जागा नोंदविल्या. आयुर्वेदाने या मळालाच मंडूर म्हटले आणि पांडुरोगात त्याचे भस्म दिले. शंभर वर्षांचा जुना मंडूर उत्तम, असे ग्रंथ सांगतात. तो देण्याआधी सिकलसेलची तपासणी करावी हे आजचे वैद्यक सांगेल, आणि तेही आपण पाळावे. आता हे ढीग शेत सपाट करताना आणि रस्त्याच्या भरावात झपाट्याने नाहीसे होत आहेत. आपल्या संघटनेची शिबिरे निर्मल, खानापूरकडील खेड्यांत होतात. तेथे गेलात की तळ्याच्या काठी, गावाबाहेरच्या पांढरीत, काळा, जड, काचेसारखा चकाकणारा खडा दिसतो का ते पाहावे. दिसला तर जागेचे नाव लिहून घ्यावे, आणि त्या जागेबद्दल गावातल्या म्हाताऱ्यांना काय आठवते तेही.