लाळ

लाळ : मुखगुहेत सतत पाझरणारा रंगहीन व किंचित चिकट स्राव. अनुकर्ण, अधोहनू व अधोजिव्ह या लाला ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल व टाळू यांतील शेकडो सूक्ष्म ग्रंथी यांपासून तो निर्माण होतो. प्रौढ व्यक्तीत दररोज सु. ०.५ ते १.५ लि. लाळ स्रवते, झोपेत स्राव जवळजवळ थांबतो.

लाळेत सु. ९९ टक्के पाणी असून उरलेल्या भागात लवणे, म्यूसीन, एंझाइमे व प्रतिपिंडे असतात. ॲमिलेज या एंझाइमामुळे स्टार्चाचे पचन तोंडातच सुरू होते. भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास गोडसर लागतो तो त्यामुळेच. लाळेचे हे कार्य सर्वपरिचित असले, तरी अग्निपिंडाच्या स्रावातील ॲमिलेज तेच काम करू शकते. तिच्या संरक्षक कार्याला मात्र पर्याय नाही. लाळेतील बायकार्बोनेट अम्लाचे उदासिनीकरण करते, कॅल्शियम व फॉस्फेट दातांच्या एनॅमलाची झीज भरून काढतात आणि लायसोझाइम (शोध १९२२, अलेक्झांडर फ्लेमिंग) काही सूक्ष्मजंतूंच्या भित्ती विरघळविते. डोके व मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार झाल्यावर लाला ग्रंथी निकामी झाल्या, तर दातांना झपाट्याने कीड लागते व कोरडा घास गिळणे कठीण होते.

रोगनिदान : रक्तातील काही पदार्थ लाळेत उतरतात. कॉर्टिसॉलाचा प्रथिनांना न बांधलेला अंशच मुख्यतः तीत येतो. निरोगी व्यक्तीत मध्यरात्रीच्या सुमारास हे हॉर्मोन किमान असते, कुशिंग लक्षणसमूहात ते तसे घटत नाही; रुग्णाला घरीच नमुना घेता येत असल्याने ही परीक्षा सोयीची ठरते. हिरड्यांतून रक्त येत असल्यास निष्कर्ष चुकतो. एचआयव्ही संसर्गासाठी हिरड्यांलगतच्या द्रवातील प्रतिपिंडे तपासतात, परंतु त्यांचे प्रमाण रक्तापेक्षा पुष्कळच कमी असते आणि होकारार्थी निष्कर्षाची रक्तपरीक्षेने खातरजमा करावी लागते. कोव्हिड-१९ च्या साथीत (२०२० पासून) व्हायरसाच्या शोधासाठीही लाळ वापरली गेली.

अलर्क रोगात व्हायरस लाळेतून अधूनमधूनच बाहेर पडतो. त्यामुळे नमुने पुनःपुन्हा घ्यावे लागतात आणि व्हायरस न आढळल्याने रोग नाही असे ठरत नाही. शिवाय ही परीक्षा लक्षणे दिसू लागल्यानंतरची आहे व तेव्हा रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणून कुत्रा चावल्यावर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच लस घेणे आवश्यक असते. त्यासाठी कोणत्याही परीक्षेची वाट पाहत नाहीत.