कायद्याच्या पकडीत न येणारे अपराध

रहस्यनाटकात एक गुन्हेगार सापडला की बाकीचे सगळे सुटतात, आणि प्रेक्षकही निश्चिंत मनाने घरी जातो. जे. बी. प्रिस्टली यांनी ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’मध्ये साचा रहस्यनाटकाचाच घेतला, पण ही सुटका कुणालाच मिळू दिली नाही. म्हणूनच या नाटकाचा आशय समजून घ्यायचा तर आधी त्याची रचना पाहावी लागते.

काळ १९१२चा. इंग्लंडमधल्या ब्रमली या काल्पनिक औद्योगिक शहरात कारखानदार आर्थर बर्लिंग यांच्या घरी मुलगी शीलाचं लग्न ठरल्याची मेजवानी चालू आहे. माणसाने आपलं आणि आपल्या घरादाराचं पाहावं, समाजाची उठाठेव करू नये, असा उपदेश बर्लिंग करत असतानाच दारावरची घंटा वाजते. इन्स्पेक्टर गूल सांगतो, की ईव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक पिऊन जीव दिला आहे.

त्याआधीच बर्लिंग यांनी दोन भाकितं केलेली असतात: युद्ध होणार नाही आणि टायटॅनिक बुडणार नाही. नाटक लिहिलं गेलं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि प्रिस्टली स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेले. दोन्ही युद्धं पाहिलेल्या प्रेक्षकाला हे बोलणं ऐकताच कळतं, की या माणसाच्या आत्मविश्वासावर विसंबण्यात अर्थ नाही. मग त्याच्या ‘ज्याचं त्याने पाहावं’ या तत्त्वज्ञानावर तरी का विसंबावं?

गूल एका वेळी एकाचीच चौकशी करतो. फोटोही एका वेळी एकालाच दाखवतो. आठवड्याला २५ शिलिंग मजुरी मागणाऱ्या ईव्हाला बर्लिंग यांनी कामावरून काढलेलं असतं. शीलाने मत्सरापोटी तिची दुकानातली नोकरी घालवलेली असते. शीलाचा होणारा नवरा जेराल्ड याने तिला काही महिने ठेवून सोडून दिलेलं असतं, तर शीलाचा भाऊ एरिक याच्यापासून तिला दिवस गेलेले असतात. मदत मागायला आलेल्या ईव्हाला मिसेस बर्लिंग यांच्या धर्मादाय संस्थेने परत पाठवलेलं असतं. एरिकने तिच्यासाठी केलेली पैशांची अफरातफर सोडली, तर यातल्या कशालाही कोर्टात शिक्षा नाही. एकेक कृती सुटी पाहिली तर जो तो ‘माझा काय दोष?’ म्हणू शकतो. प्रिस्टली त्या ओळीने मांडतात, तेव्हा ही पळवाट बुजते.

मिसेस बर्लिंग तर स्वतःच सापळ्यात शिरतात. सगळा दोष मुलाच्या बापाचा, त्याला कडक शिक्षा व्हावी, असं त्या ठणकावतात. तो बाप त्यांचाच एरिक आहे, हे प्रेक्षकाला त्यांच्याआधी उमगतं. ज्या ईव्हाबद्दल हे सगळं चाललं आहे ती मात्र रंगमंचावर येतच नाही. तिच्याविषयी जे कळतं ते तिला दुखावणाऱ्यांच्या आणि गूलच्या तोंडून. आपली बाजू मांडायला तिला जागाच नाही, ही तिची सामाजिक स्थितीही त्यातून दिसते.

खरी कसोटी लागते ती गूल निघून गेल्यावर. तो पोलीस नव्हताच, फोटो वेगवेगळ्या मुलींचे असू शकतात आणि इस्पितळात आत्महत्येची नोंदच नाही, हे उघड होताच आईवडील आणि जेराल्ड सुटकेचा नि:श्वास टाकतात. शीला आणि एरिक मात्र म्हणतात, की आपण वागलो ते तर खरंच आहे! शेवटी फोन येतो: एक मुलगी दगावली आहे आणि एक इन्स्पेक्टर चौकशीला येतो आहे. पण प्रिस्टलींच्या प्रश्नाचं उत्तर शीला आणि एरिकने त्याआधीच दिलेलं आहे. पकडले जाण्याची भीती संपल्यावरही जी उरते, तीच जबाबदारी.