शेरा आणि पालक

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत असे ठरवले, तरी खेड्यातील पालकांचा सहभाग प्रगतिपुस्तकातील शेऱ्यापाशीच अडखळतो. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या पडताळणीत, शिक्षकाने वर्णनात्मक नोंद करणे अपेक्षित असते. परंतु ‘प्रगती समाधानकारक’ एवढ्यावरून आईला काहीच उमगत नाही, उलट ‘हातच्याच्या वजाबाकीत दशक कमी करायला विसरतो’ असे लिहिले, आणि वाचता न येणाऱ्या आईला तेच तोंडी सांगितले, तर शेंगा निवडतानाही दहा-दहाचे ढीग मांडून सराव घेता येतो. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या हाती मात्र असा शेरा, दुर्दैवाने, बहुधा वर्ष सरल्यावरच पडतो.