बांधाखालचा पाझर

1947 च्या पावसाळ्याअखेरीस एकापाठोपाठ आलेल्या दोन वादळांनी दक्षिण फ्लोरिडा बुडवला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने पूरनियंत्रणाची अवाढव्य योजना मंजूर केली. पश्चिमेला एव्हरग्लेड्सची दलदल, पूर्वेला मायामीची वस्ती आणि शेती, मध्ये सुमारे 160 किलोमीटरचा बांध. 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात तो उभा राहिला, पण त्याने वाटणी केली ती फक्त वरच्या पाण्याची. खाली बिस्केन जलधराचा सच्छिद्र चुनखडक आहे. दलदलीत पाणी चढले की ते बांधाखालून पूर्वेकडच्या कालव्यात उतरते. हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. याच बांधाच्या लेव्ही-30 या भागाच्या परिसरातील पाण्याचा अभ्यास 1961 मध्येच प्रसिद्ध झाला होता. मात्र पाणी समुद्रात लोटणे हेच यश मानले जात होते तोवर पाझर ही फार तर उपशाची डोकेदुखी होती.

1989 च्या कायद्याने एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान पूर्वेकडे वाढले, त्याला पाणी परत देण्याचे ठरले आणि तोच पाझर अचानक तोटा झाला. पातळी तीच, अर्थ उलटा. या सगळ्या काळातून मला निघणारा निष्कर्ष असा: नोंदी ज्या प्रश्नासाठी सुरू होतात तो प्रश्न बदलतो, म्हणून मूळ प्रश्न सुटल्यावरही त्या चालू ठेवाव्या लागतात. किनाऱ्याकडच्या निरीक्षण विहिरी मुळात खारे पाणी किती आत शिरले हे पाहण्यासाठी होत्या, दलदलीतल्या मोजपट्ट्या दरवाजे कधी उघडायचे हे ठरवण्यासाठी. पाझराचा अंदाज या दोन्ही बाजू एकत्र वाचल्यावरच येतो. त्यातही एक कटकट आहेच. जुन्या नोंदी 1929 च्या संदर्भपातळीवर आणि नव्या 1988 च्या; या भागात दोन्हींत सुमारे दीड फुटाचा फरक पडतो. जिथे जमिनीचा उतार मैलाला काही इंचच आहे, तिथे एवढी गफलत प्रवाहाची दिशाही उलटी दाखवू शकते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मोजत काय बसायचे, भिंत घाला. लेव्ही-31 एनच्या काही मैलांत सुमारे 35 फूट खोल भूमिगत भिंत घातलीही गेली आहे. पण मायामीचे पिण्याचे पाणी याच जलधरातून येते आणि बिस्केनच्या उपसागरालाही गोडे पाणी लागते. आपण पाझर तलाव मुद्दाम बांधतो ते याच हिशेबाने. झिरपलेले सगळेच पाणी वाया जात नाही. किती अडवायचे आणि किती जाऊ द्यायचे, हे विहिरींच्या आकड्यांशिवाय सांगता येणार नाही. दुसरा आक्षेप संगणकीय प्रारूपांचा. 1991 पासूनच्या दैनंदिन पातळ्यांचे 400 मीटर चौकटींचे नकाशे आज उपलब्ध आहेत, मग इतकी ठाणी कशाला? कारण ते नकाशे त्याच ठाण्यांच्या नोंदींतून तयार होतात, आणि ते दलदलीच्या पृष्ठभागाचे आहेत. खडकातल्या पाण्याचा दाब त्यांत उतरत नाही.

आता समुद्र चढतो आहे. खारे पाणी थोपवायला किनाऱ्याकडचे भूजल उंच राखावे लागेल. ते जितके चढेल तितका बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यामधला उतार कमी होईल आणि पाझरही घटेल, पण सखल वस्त्यांतून पुराचे पाणी बाहेर काढणे तितकेच अवघड होईल. खाऱ्या पाण्यासाठी खणलेल्या जुन्या विहिरी आणि बांधाजवळच्या नव्या विहिरी यांचे वाचन यापुढे एकाच तक्त्यात मांडावे लागणार आहे.